पन्नासावा भाग

सोमवार, ५ नोव्हेंबर १९५६

मी, दौलतराव यशवंत सुर्वे, वय त्रेपन्न, मुंबई विद्यापीठाचा वाणिज्य पदवीधर, सातारा जिल्ह्यात सव्वीस वर्षे वजनमापांचा निरीक्षक, आज सकाळी आकुर्डी येथील आरोग्यदीप रसशाळेत भांडारप्रमुख म्हणून रुजू झालो. ही रोजनिशी ठेवण्याचा हेतू एवढाच की, नव्या जागी जे पाहिले व केले ते त्याच दिवशी लिहून ठेवावे. आठवणीवर विसंबू नये.

प्रवास सुखाचा झाला. पुण्याहून येताना गाडीतून पिंपरीचा पेनिसिलीनचा नवा कारखाना दिसला. शेजारच्या बाकावरील गृहस्थ तो जणू स्वतःच बांधल्याच्या थाटात सर्वांना दाखवीत होते. चिंचवडास उतरून टांग्याने आकुर्डीस आलो. दिवाळी नुकतीच संपली आहे. हवा कोरडी व उत्साहवर्धक आहे. राहण्यास एक स्वच्छ खोली मिळाली असून दोन्ही वेळचे जेवण शालनबाई नावाच्या विधवा बाईंच्या खानावळीत आहे. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि भाकरीचे पीठ वाढवावे लागेल असे स्वयंपाकघराकडे तोंड करून जाहीर केले. मला हसू आले.

रसशाळेत जनावरांच्या यकृताचे सत्त्व काढून त्याची सुई तयार करतात. ज्यांचे रक्त पाण्यासारखे पातळ झाले आहे अशा रुग्णांस, विशेषतः बाळंतिणींस, ती दिली जाते. खडकीचे व्यापारी चांदभाई रोज सकाळी बर्फाच्या पेट्यांतून रेडे, मेंढ्या व बकरे यांची यकृते आणतात. प्रत्येक यकृतास पत्र्याचा अंकित बिल्ला तारेने बांधलेला असतो. माझे काम ती मोजणे, तोलणे व नोंदवणे. ह्याहून मनाजोगते काम मला कोणते मिळणार होते?

काट्याच्या खोलीच्या भिंतीवर एक तक्ता आहे. त्यावरून कळते की रेड्याचे यकृत सुमारे बारा पौंड, म्हणजे त्याच्या देहाचा ऐंशीवा भाग; मेंढीचे दीड पौंड, म्हणजे सुमारे पन्नासावा; कुत्र्याचे तिसावा; उंदराचे विसावा. सर्वांत खाली कोणीतरी शाईने मनुष्यही लिहिला आहे : प्रौढ, पन्नासावा भाग, पाच वर्षांचे मूल, तिसावा, नवजात बालक, विसावा. देह जितका लहान तितका यकृताचा वाटा मोठा. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. टिपून ठेवतो.

मंगळवार, ६ नोव्हेंबर

आज तोलण्याचा पहिला दिवस. दोन गोष्टी मला पटल्या नाहीत, त्या नोंदवतो.

पहिली. काटा उत्तम आहे, इंग्रजी बनावटीचा, जमिनीत बसवलेला. एका बंद पडलेल्या विलायती कारखान्यातून नोंदवहीसकट आणलेला. परंतु तो तपासण्यास प्रमाण वजने नाहीत. त्याऐवजी येथे एक चाल आहे. रोज सकाळी भांडारप्रमुखाने स्वतः काट्यावर उभे राहायचे, आपले वजन पानाच्या पहिल्या ओळीत ‘प्रमाण’ ह्या रकान्यात लिहायचे व त्याखाली सही करायची. मग माल तोलायचा. मी रसशाळेचे चालक डॉक्टर वर्तक यांस स्पष्ट सांगितले की मनुष्य हे प्रमाण नव्हे. तो पाणी प्याला तरी बदलतो. ते अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. पितळी वजने मागवली आहेत, तोवर चालवून घ्यावे, असे म्हणाले. नाइलाजाने उभा राहिलो. एकशे छप्पन पौंड.

दुसरी. ह्या दोनशे पानी नोंदवहीत माझ्या आधीचे भांडारप्रमुख ताम्हनकर (आता हयात नाहीत) यांनी चाळीस पानांपर्यंत रीतसर सह्या केल्या आहेत. पण एकेचाळीस ते एकसष्ट ह्या पानांवर एकाच दिवशी, एकाच शाईने, पान कोरे असतानाच सही करून ठेवली आहे. पुढे त्या पानांवर दुसऱ्याच हाताने माल लिहिला गेला. कोऱ्या कागदावर सही करणारा मनुष्य एकतर भोळा असतो किंवा लबाड. मी नोकरीत अशी सही कधी केली नाही, करणारही नाही. वहीच्या पहिल्या पानावर छापले आहे की वही ह्याच काट्याची असून तिचे शेवटचे पान भरेपर्यंत काटा चालू राहील. विलायती लोकांना असल्या भारदस्त वाक्यांची हौस असते.

चांदभाईंच्या चिठ्ठीप्रमाणे आज अठ्ठावन्न नग यायला हवे होते. एकोणसाठ भरले.

बुधवार, ७ नोव्हेंबर

आजही एक जादा. दोन्ही दिवस जादा नगास बिल्ला नाही. चांदभाई टोपी काढून कपाळ पुसत म्हणाले, “सुर्वेसाहेब, तीस वर्षं धंदा करतो. एक नग फुकट देणारा खाटीक तुम्ही बघितलाय कुठं? बघितला असला तर मला त्याच्या दुकानाचा पत्ता द्या, मीच जातो घ्यायला.” मनुष्य खरा वाटतो. त्यांच्यासमोर पेट्या उतरवताना नग मोजले : अठ्ठावन्न. काट्याच्या खोलीत नेल्यावर मोजले : एकोणसाठ.

कालच्या जादा नगाचे वजन तीन पौंड दोन औंस होते. आजचे तीन पौंड एक औंस. रेड्याचे यकृत ह्याच्या चौपट, मेंढीचे ह्याच्या निम्मे. तक्त्यातील येथे येणाऱ्या कोणत्याही जनावराशी हे जुळत नाही. आणखी एक. बाकीचे नग बर्फामुळे हात बधिर होण्याइतके गार असतात. हे कोमट होते.

माझे आजचे वजन : एकशे बावन्न पौंड चौदा औंस. काट्यात दोष असावा.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

वजन एकशे शेहेचाळीस पौंड तेरा औंस. शालनबाईंनी चौथी भाकरी वाढताना विचारले की पाहुण्यांनी त्यांच्या खानावळीची बदनामी करण्याचे मनावर घेतले आहे काय. चार दिवसांत कोटाच्या खांद्यांत वारा खेळू लागला. मी भूक उत्तम असल्याचे सांगितले, आणि ते खरे आहे. इतकी भूक मला विद्यार्थिदशेतही नव्हती.

जादा नग डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी तो न चाचपता, जणू ओळखीचा असावा तसा पाहिला आणि वेगळ्या काचपात्रात ठेवण्यास सांगितले. त्यापासून होणारी सुई सर्वांत गुणकारी ठरते, असे ते म्हणाले. ज्या बाईला चार माणसांनी खाटेवरून आणले ती पंधरा दिवसांत स्वतः पाणी भरू लागते. हे कोणाचे आहे, असे मी विचारले. ताम्हनकरांनीही पहिल्या आठवड्यात हेच विचारले होते, एवढेच उत्तर मिळाले.

रविवार, ११ नोव्हेंबर

सुटी. अंदाजावर राहणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून चालत चिंचवड स्टेशनावर गेलो आणि पार्सलच्या काट्यावर स्वतःस तोलून घेतले. पार्सलबाबूने विचारले, कुठे पाठवायचे आहे? एकशे एक्केचाळीस पौंड.

म्हणजे आमचा काटा खरा आहे. कमी मी झालो आहे.

परत येऊन सावकाश गणित मांडले. पहिल्या दिवसाचे माझे वजन एकशे छप्पन. त्याचा पन्नासावा भाग तीन पौंड दोन औंस. दुसऱ्या दिवशीचे एकशे बावन्न पौंड चौदा औंस. त्याचा पन्नासावा भाग तीन पौंड एक औंस. पाचही दिवस तसेच. जादा नग रोज माझ्या त्या दिवशीच्या वजनाचा बरोबर पन्नासावा भाग आहे आणि दुसऱ्या दिवशी मी बरोबर तेवढाच कमी भरतो.

तक्त्याची शाईने लिहिलेली ओळ आठवली. प्रौढ मनुष्य, पन्नासावा भाग.

सोमवार, १२ नोव्हेंबर

डॉक्टरांस गणित दाखवले. त्यांनी चष्मा पुसून ते तपासले व अचूक असल्याबद्दल माझे अभिनंदन केले. मग शिक्षकाच्या सौम्यतेने समजावले की यकृत हा देहातील एकच अवयव असा, की कापला तरी पुन्हा वाढतो. माझे रोज जाते आणि रोज नवे तयार होते; वाया काहीच जात नाही. ते नवे कशापासून तयार होते, असे मी विचारले. तुमच्याच उरलेल्या देहापासून, ते म्हणाले. दुसरे कोठून येणार? काटा असे का करतो ते त्यांस ठाऊक नाही. सुईने बायका उठून बसतात, एवढे ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे, मी फार तर थोडा सडपातळ होईन.

मी सांगितले की ज्यास देणगी म्हणतात ती विचारून घेतात. त्यांनी मान डोलावली. तुम्ही गेलात तर दुसरे कोणीतरी येईलच, हेही सांगितले.

मी येथून पळणार नाही. सव्वीस वर्षे मी खोट्या काट्यांना न्यायालयात उभे केले आहे. हा खरा काटा आहे, एवढाच फरक.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

काल रात्री उपाय सुचला आणि तो इतका सोपा होता की आधी न सुचल्याची लाज वाटली. चांदभाईंकडून दोन छप्पन पौंडी लोखंडी वजने उसनी आणवली. आज काट्यावर मी उभा राहिलो नाही. वजने ठेवली आणि प्रमाणाच्या रकान्यात ‘लोखंड, ११२ पौंड’ असे लिहिले. सही केली नाही. लोखंडाला सही कसली? काटा औंसभरही चुकला नाही. चांदभाई म्हणाले, आता बघू तुमचा काटा लोखंडाचं काळीज कसं काढतो ते. आम्ही दोघेही हसलो.

माल मोजला. एकोणसाठ.

जादा नग एक पौंड बारा औंसांचा होता. इतका लहान माझा असणे शक्य नव्हते. मी त्याकडे पाहत असतानाच मागे खराटा पडल्याचा आवाज आला. खोली झाडणारा भिमाजी, आकुर्डीचाच, साठी ओलांडलेला, काट्याशेजारी खाली बसला होता आणि उजव्या बरगडीखाली हात दाबून, काय झालं ह्ये मला साहेब, काय झालं, असे विचारत होता. त्यास उचलून काट्यावर ठेवले. शहाऐंशी पौंड. काही वेळापूर्वी किती होता हे मला न तोलता कळले.

ज्या पानावर माणसाची सही नाही, त्या दिवशी काटा खोलीतला माणूस स्वतः निवडतो.

माझी चूक. माझ्या हुशारीची किंमत भिमाजीने दिली. उद्यापासून काट्यावर मी.

शनिवार, १७ नोव्हेंबर

भिमाजीच्या घरी जाऊन आलो. त्याच्या बायकोने, यशोदाबाईने, गूळ-पाणी दिले आणि मला पाहून पदर तोंडाला लावला. भिमाजी उठून बसला आहे. मी विचारल्यावर त्याने ताम्हनकरांचे सारे सांगितले. त्याचे शब्द शक्य तितके जसेच्या तसे :

“त्यास्नी बी समजलं व्हतं. वही सरली की काटा सुटतो, असं म्हनायचे. लई दिस काढलं त्यांनी, चाळीस पानं. शेवटी हाडंच ऱ्हायली व्हती. त्या दिशी मला भाईर काढलं, कडी लावली आन् बसले सह्या करत. समदी वही सरवायची व्हती त्यास्नी. मी खिडकीतनं बघत व्हतो साहेब. येक सही केली की येवढे कमी व्हायचे. येकवीस झाल्या. बाविसावीला हात उचलला न्हाई. पर त्या येकवीस दिसांत काट्यानं कुनालाच धरलं न्हाई बघा. नग यायचा रोजचा, पर मानूस न्हाई लागला. त्ये सपलं आन् तुमी आला.”

मी ताम्हनकरांस भोळा किंवा लबाड म्हटले होते. ते वाक्य ह्या रोजनिशीतून खोडत नाही. माझी चूक म्हणून राहू द्यावे. त्यांची क्षमा मागतो.

बुधवार, २१ नोव्हेंबर

डॉक्टरांनी आज एक मनुष्य आणला. हिंदुराव, उस्मानाबादकडचा, चाळिशीचा, दाराच्या चौकटीतून तिरपा होऊन आत येणारा. बायको कुसुम आणि पाच मुले धर्मशाळेत उतरली आहेत. त्याने काट्याकडे पाहून विचारले की हा एवढा मोठा तवा कशाचा, आणि माझ्याकडे पाहून, “साहेब, तुमची बदली झाली की तब्येतीची?” असे. नंतर स्वतःच ओशाळला.

डॉक्टर मला बाजूस घेऊन म्हणाले, तुम्ही थकला आहात. उद्यापासून काट्यावर हिंदुरावास उभे करावे व तुम्ही कार्यालयात बसावे. हा एकशे नव्वद पौंडांचा आहे. पुष्कळ दिवस पुरेल. नकार देत असाल तर ते ताम्हनकरांसारखे होईल. ह्यात धमकी नव्हती. ते खरोखरच माझी सोय पाहत होते, आणि त्यानेच माझ्या अंगावर काटा आला.

मी म्हणालो, काट्यावर कोण उभे राहील हे भांडारप्रमुख ठरवतो. नियुक्तिपत्रात तसे लिहिले आहे.

हिंदुरावास काट्याच्या खोलीत पाऊल टाकण्यास मनाई केली. त्यास वाटते साहेब खडूस आहे. वाटू द्या.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

वजन एकशे सतरा पौंड नऊ औंस. अंगरखा दोनदा गुंडाळून बांधतो. जिना चढताना मध्ये थांबतो. भूक मात्र राक्षसाची.

आज प्रयोग केला. सकाळी पान सत्याहत्तरवर रोजची सही केली. दुपारी, खोलीत कोणी नसताना, उद्याच्या कोऱ्या पानावर, अठ्ठ्याहत्तरवर, सही केली. आयुष्यातील पहिली कोरी सही. निब उचलले तोच बरगडीखाली कोणीतरी मूठ आवळून सोडल्यासारखे झाले. लगेच काट्यावर उभा राहिलो. एकशे बारा पौंड पंधरा औंस. दोन सह्या, दोन पन्नासावे भाग. एका औंसाचाही फरक नाही.

शनिवार, २४ नोव्हेंबर

आज सही करावी लागली नाही. पान आधीच सहीचे होते. जादा नग आला. कोणासही काही झाले नाही. माझे वजन कालचेच. ताम्हनकर बरोबर होते.

आता त्यांची एकच चूक मी टाळतो. ते हाडे उरल्यावर बसले. मी हातात बळ असतानाच बसणार.

पाने एकोणऐंशी ते दोनशे; एकशे बावीस सह्या. प्रत्येक सहीस पन्नासावा भाग. गणित तीनदा केले : शेवटी मी नऊ पौंड दहा औंस उरतो. हे वाचणारास भयंकर वाटेल. मला वाटत नाही, कारण कोणत्याही संख्येचा पन्नासावा भाग कितीही वेळा काढा, शून्य येत नाही. काटा मला संपवू शकत नाही. तो फक्त लहान करू शकतो.

शेवटच्या पानावर सहीबरोबर दोन शब्द लिहायचे आहेत : काटा रद्द. ते आयुष्यभर लिहीत आलो आहे.

सारे ठरले. उद्या सुटी, डॉक्टर पुण्यास. चांदभाई सोमवारी पहाटे घण घेऊन येतील. आजही त्यांनी एक घाव घालून पाहिला. घणच उडाला, काट्यावर ओरखडा नाही. वही संपल्यावर पाहू. हिंदुरावास अखेर सर्व सांगितले. त्याने माझ्या दंडाकडे पाहिले. मग म्हणाला, निम्म्या सह्या मला करू द्या साहेब, माझ्याकडं मांस लई हाय. मी विचारले, पाच मुलांना विचारून आलास काय? तो रडू लागला. इतका मोठा मनुष्य रडताना मी पाहिला नव्हता.

रविवार, २५ नोव्हेंबर. सकाळी ८

दार आतून बंद. स्वच्छ ऊन. शालनबाईंनी सहा भाकऱ्या, पिठले व ठेचा बांधून दिला आणि आज दंडास बेटकुळी काढून दाखवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणाल्या. दाखवली. हसल्या नाहीत. हिंदुराव व भिमाजी बाहेर ओट्यावर बसले आहेत. हाकलले तरी जात नाहीत.

ह्या पानाच्या तळाशी माझी सही, ठिकाण व तारीख आताच घालून ठेवली आहे. पुढे हात पोहोचेल न पोहोचेल. कोऱ्या पानावरील सहीबद्दल माझे जुने मत मागे घेतो.

सुरुवात करतो.

८.४०

पान शंभर. बावीस सह्या. ताम्हनकरांहून एक जास्त झाली. काट्यावर बहात्तर पौंड सहा औंस; गणिताप्रमाणे. अक्षर सरळ आहे.

९.१५

पान एकशे वीस. भाकऱ्या संपल्या. अंगठी बोटातून पडून घरंगळत गेली.

बारीक होणे थांबले आहे. हाडेही आता मांसाबरोबर लहान होत आहेत. पाय खुर्चीवरून जमिनीस लागत नाहीत.

बाहेरून हिंदुराव ओरडून आकडा विचारतो. मी सांगतो. माझा आवाज त्याला ओळखू येईना, तेव्हा त्याने साहेबांचं नाव सांगा म्हणून दरडावले. सांगितले.

९.५०

पान एकशे तीस. गणिताने एकोणचाळीस पौंड आठ औंस हवेत. काटा तेहतीस सांगतो.

दोनदा चढून पाहिले. तेहतीस.

काटा खरा आहे. मग गणित—

भिंतीवरचा तक्ता. पहिल्याच दिवशी टिपला होता. देह लहान तितका वाटा मोठा. पन्नासावा भाग प्रौढाचा. मुलाचा तिसावा. मी सगळ्या सह्यांना पन्नासावाच धरला— तीनदा केले गणित, तीनदा तीच चूक. विद्यार्थ्याने केली असती तर—

नऊ पौंड उरत नाहीत. पुष्कळच कमी.

भिमाजी खिडकीशी आला आहे. काचेवर हात ठेवून उभा आहे. बास करा म्हणतो.

सत्तर पाने राहिली. आता थांबलो तर उरलेली सत्तर कोणाची? हिंदुरावाची. मग आणखी कोणाची.

तिसावा असो. विसावा असो. शून्य तरीही येत नाही. ते गणित चुकलेले नाही.

१०.३०

पान एकशे छप्पन. खुर्ची सोडली. टेबलावर उभा आहे. दौत गुडघ्याएवढी.

टाक दोन्ही हातांनी—

पूर्ण सही होत नाही. ‘सुर्वे’ पुरते. वहीस चालते. तिने मुकाट घेतले.

पान एकशे एकोणऐंशी

वहीवरच चालतो आहे. पान उलटण्यास पाठ लावावी लागते. शाईत पाय भिजले.

पेन्सिलीचे टोक मोडून त्याने हे लिहितो आहे. रोजनिशी माझ्याहून मोठी आहे.

हिंदुराव दार ठोठावतो. सबंध टेबल हादरते. ठोठावू नको रे बाबा, शाई सांडेल.

एकशे चौऱ्याण्णव

प्रत्येक सहीनंतर कळ. मोठी होत चालली आहे, की मीच—

नाही. मोजमाप चालू आहे. सहा उरली.

एकशे अठ्ठ्याण्णव

खिडकीतून भिमाजी बघतो आहे. त्यास मी दिसत नसावा. मान इकडे तिकडे करतो.

मी आहे.

दोनशे

शेवटचे पान. सही झाली. शून्य आले नाही. म्हटले होते.

काट्याचा दांडा खाली आला. आपोआप. माझ्याकडे कोणी पाहते आहे असे— पाहू दे. सव्वीस वर्षे मी असल्यांकडे पाहिले आहे.

आता दोनच शब्द. पहिला लिहिला. अक्षर बारीक आहे पण भिंगाने वाचता येईल. दुसरा

र

द्

दौलतराव यशवंत सुर्वे, बी. कॉम.
भांडारप्रमुख
आकुर्डी, २५ नोव्हेंबर १९५६